आत्याबाईचं दुसरं टोक

प्रोग्रॅम दोन-तीन तासांचा असतो, पण किस्से सगळे त्याच्या आधी आणि नंतर घडतात, सामान लावताना आणि उतरवताना. वायरी गुंडाळता गुंडाळता कोणीतरी म्हणतं, "अरे, तो थाटीपूरवाला प्रोग्रॅम आठवतो?" आणि वायर राहते बाजूला. आमच्या ग्रुपकडे इतके किस्से साठलेत की नवीन गाणं बसवायला वेळ मिळत नाही. हल्ली मात्र कुठलाही किस्सा काढला तरी तो फिरून किशोरवर येतो. मग सगळे गुपचूप वायरी गुंडाळायला लागतात.

आमचा ग्रुप म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी गाते, आणि दिवसा शाळेत शिकवते. विन्या बास गिटार वाजवतो, दिवसा बँकेत असतो. गुड्डू ऑक्टोपॅड वाजवतो. तो घरी मराठी बोलतो, बाहेर हिंदी, आणि चिडला की दोन्ही. लग्नाचं संगीत, गणपती, कोणाची रिटायरमेंट, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नाहीतर मुरारला आमचं काहीतरी चालूच असतं.

आणि किशोर. किशोर काहीच वाजवत नाही. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. विन्याचा शाळेपासूनचा दोस्त, पडावला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग बघायचा. दिवसभर हमालांना "ये उठाओ, वो रखो" म्हणायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन स्वतः उचलायचा. काय उचलायचा? तर आत्याबाईचं दुसरं टोक!

*

आत्याबाई म्हणजे विन्याचं स्पीकर कॅबिनेट. बास म्हणजे गाण्याखालचा तो जाडा आवाज, जो कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. त्याला स्पीकरही तसाच दांडगा लागतो. विन्याने जाड प्लायवूडची पेटी सुताराकडून बनवून घेतली होती, आत भले मोठे स्पीकर, दोन्ही बाजूंना लोखंडी हँडल. प्रत्येक लग्नात तिला न्यावंच लागे, टेम्पोत सगळ्यात मोठी जागा तिला लागे, आणि दोघांनी धरल्याशिवाय ती जागची हलत नसे. म्हणून आत्याबाई. (मला स्वतःला तीन आत्या आहेत, त्यामुळे हे नाव मीच ठेवलं.)

आता हिला उचलायची एक पद्धत होती. एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनवर उचलायचं. सगळं जग तीनवर उचलतं. किशोर दोनवर उचलायचा!

त्याची बाजू आधी वर आली की पेटी कलून विन्याच्या नडगीवर. विन्या ओरडायचा, "अरे बेताल्या, तीन तर होऊ दे!"

"उचलायचंच आहे ना? मग तीनची वाट कशाला बघायची?"

एकदा गुड्डूने त्याला शिकवायचं मनावर घेतलं. ऑक्टोपॅडवर ठोका देऊन टाळ्या वाजवून घेतल्या. एक, दोन, तीन, टाळी! किशोरची टाळी अगदी बरोबर पडायला लागली. आम्ही खूश. म्हटलं, चला, आता आत्याबाई. विन्याने मोजलं, "एक, दोन..." आणि गेली नडगी!

गुड्डू हात जोडून म्हणाला, "किशोरभैया, गाने में तो सब बेताल होते हैं. आप पहले आदमी हो जो बिना गाने के बेताल हो!"

*

एका लग्नाचा हॉल पहिल्या मजल्यावर होता. जिना अरुंद, त्याला मध्ये वळण. आम्हाला उशीर झालेला. किशोर खाली, विन्या वर, मध्ये आत्याबाई, आणि वळणावर बाई अडकल्या. वर जाईनात, खाली येईनात. तेवढ्यात खाली बँडबाजा वाजायला लागला. वरात दारात!

नवरदेव जिन्यात शिरला, मागे त्याचे काका, मामा, सगळं खानदान. वर जायला हा एकच रस्ता. मी वरून बघतेय आणि माझा जीव टांगणीला. किशोरने मान वळवून बघितलं, नवरदेवाचा फेटा दिसला, तलवार दिसली. तरी हा म्हणतो, "जीजाजी, ज़रा कंधा लगाना!"

आणि त्या मुलाने तलवार काकांच्या हातात दिली आणि खरोखरच खांदा लावला! पेटी सुटली. नवरीकडची आजी आरतीचं ताट घेऊन वर उभी होती. सगळ्यात आधी आली आत्याबाई. तिने आत्याबाईलाच ओवाळलं!

*

असा हा माणूस. पण जेवायला बसताना मागे राहायचा. यजमान विचारायचे, "आप भी बैंड में हैं?" की हा ताबडतोब, "नहीं जी, मैं तो बस उठाने वाला हूँ." फोटो काढायची वेळ आली की म्हणायचा, "तुम्ही उभे राहा, मी काढतो." मी एकदा खूप रागावले. म्हटलं, "किशोरभाऊ, गुपचूप इथे उभे राहा, नाहीतर मी आज गाणार नाही." तर म्हणाले, "शुभाताई, मग मोबाईल कोण धरेल?" आणि तोवर गुड्डूचं "जल्दी करो यार" सुरू झालं होतं.

परवा मी सगळे जुने फोटो चाळले. आम्ही सगळे आहोत, कोपऱ्यात आत्याबाईसुद्धा आहे. किशोरभाऊ एकाही फोटोत नाहीत. दोनेक फोटोंत कोपऱ्यात त्यांचं बोट तेवढं आलंय.

*

मग एका गणपतीत किशोरच्या कंबरेत उसण भरली. दोनवर उचललं आणि तसाच वाकून राहिला. आम्ही त्याला खुर्चीवर बसवून बामने चोळलं. पुढच्या रविवारी पठ्ठ्या पट्टा बांधून परत हजर! तेव्हा आम्ही ठरवलं, बस झालं. या वयात आत्याबाई नको. हलकं कॅबिनेट घ्यायचं.

विन्या कामाला लागला. हल्लीच्या कॅबिनेटात नव्या जातीचं चुंबक असतं, छोटंसं पण ताकदवान, आणि लाकूडही हलकं. विन्या बँकेतून आला की मोबाईलवर तेच बघत बसायचा. एक मोठा स्पीकर बरा की दोन छोटे? लाकूड हलकं केलं तर आवाज पोकळ होईल का? आम्हाला फोन करकरून वात आणला. आणि वजन किलोत लिहिलेलं असे, त्याचा त्याला अंदाज येईना. म्हणून तो स्वयंपाकघरात जाऊन भरलेला गॅस सिलेंडर उचलून बघायचा. एका हाताने, मग दुसऱ्या, मग जिन्यापर्यंत जाऊन परत.

शेवटी वहिनींनी विचारलं, "तो सिलेंडर लावताय की त्याला फिरवून आणताय?"

*

दिल्लीला जाऊन दुकानात बघूनच घ्यायचं ठरलं. मला माइक घ्यायचा होता म्हणून मी गेले. आणि किशोरला विन्याने मुद्दाम बरोबर घेतलं. "उचलायची अक्कल त्यालाच आहे," म्हणाला. लोक कानाने कॅबिनेट निवडतात, आम्ही कंबर घेऊन गेलो!

दुकानदाराने तीन कॅबिनेट मांडली. विन्या डोळे मिटून प्रत्येकावर तोच एक खालचा सूर वाजवायचा, मग डोळे उघडून म्हणायचा, "किशोर, आता तू." किशोर पुढे होऊन पेटी उचलायचा, दोन पावलं चालायचा, ठेवायचा. दुकानदार बघतच राहिला. असा ग्राहक त्याने पाहिला नसणार.

सगळ्यात मोठ्या कॅबिनेटचा आवाज सगळ्यात छान होता, मलाही कळलं. सूर पोटात जाऊन बसायचा. विन्याचा जीव तिथे अडकला. जे सगळ्यात हलकं होतं, त्याचा आवाज स्वच्छ होता, पण जरा लांबून आल्यासारखा. विन्या या दोघांमध्ये घुटमळत होता.

किशोरने हलकं कॅबिनेट एका हाताने उचललं. म्हणाला, "हे घे."

"पण आवाज त्याचा बढिया आहे रे."

"आवाज तू बोटांनी काढशील. कंबर कुठून आणशील? हलकं घे. मी काय कायम राहणार आहे का उचलायला?"

मग त्याने ते कॅबिनेट फिरवून चारही बाजूंनी बघितलं. "याला हँडल एकच आहे?"

दुकानदार खुशीत येऊन म्हणाला, "जी सर, यही तो बात है! एक आदमी आराम से ले जाए. दूसरे की ज़रूरत ही नहीं!"

आम्ही हसलो. किशोरही हसला. परतीच्या गाडीत ते कॅबिनेट त्याने मांडीशी धरून ठेवलं होतं, ग्वाल्हेर येईपर्यंत.

*

नव्या कॅबिनेटचा पहिला प्रोग्रॅम लष्करातच होता. टेम्पो थांबला, किशोर सवयीने मागे गेला आणि फळी उघडली. तोवर विन्याने एका हाताने कॅबिनेट उचललं, दुसऱ्या हातात गिटार घेतली आणि चालू पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या! गुड्डू म्हणाला, "वाह, दादा तो जवान हो गए!"

किशोर टेम्पोपाशी उभा होता. त्याचे हात जरा पुढे आलेले होते, धरायला निघाल्यासारखे. मग त्याने ते खिशात घातले. "मी काय घेऊ?" त्याने विचारलं.

"अरे, तू आज आराम कर!" विन्या म्हणाला.

तोही प्रेमानेच म्हणाला. आम्ही सगळ्यांनीच त्याला प्रेमाने खुर्चीवर बसवलं, चहा दिला. त्या खुर्चीवर तो पाहुण्यासारखा बसून होता. आज वाटतं, त्या दिवशी कोणीतरी त्याच्या हातात वायरींची पिशवी तरी द्यायची होती.

पुढच्या वेळी त्याला ऑफिसात काम निघालं. त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे आले. मग आम्हीच विचारणं कमी केलं. विन्याने एकदा फोन करून खोटंच सांगितलं, "यार, जिना आहे. एकट्याने होणार नाही, ये."

"एका हाताचं काम आहे विन्या. मीच पसंत केलंय ना?"

मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, "किशोरभाऊ, मग गाणी ऐकायला या!"

"मला गाण्यातलं काय कळतं, ताई?" ते म्हणाले. खरंच होतं. इतकी वर्षं ते गाणी ऐकायला येतच नव्हते.

माझं मन मला खात राहिलं त्या रात्री. माणसाची कंबर वाचवली आणि माणूस घालवला. बरं, आत्याबाई विकायला काढली, तर किशोर स्वतः टेम्पो घेऊन आला आणि घरी घेऊन गेला. पैसे देऊ लागला, विन्याने घेतले नाहीत. त्याच्या बैठकीत ती भिंतीशी असायची, वर भरतकामाचा रुमाल आणि त्यावर टीव्ही.

*

आणि आता हा गेल्या महिन्यातला.

किशोर रिटायर झाला. मुलगा पुण्याला, त्याने आई-वडिलांना तिकडेच बोलावून घेतलं. ग्वाल्हेरचं घर बंद. सामानाचा ट्रक निघायचा होता त्या सकाळी आम्ही सगळे गेलो. ट्रक त्याच्याच कंपनीचा, हमालही पडावचेच, ज्यांना त्याने आयुष्यभर "ये उठाओ, वो रखो" म्हटलं ते. पलंग गेला, कपाट गेलं, फ्रीज गेला. किशोर बाजूला उभा राहून सांगत होता, अगदी ऑफिसात सांगायचा तसा.

शेवटी बैठकीत आत्याबाई तेवढी राहिली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तरी राहू द्या. तिकडे फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे?"

"माझ्या खोलीत ठेवेन," किशोर म्हणाला.

दोन हमाल पुढे झाले. "हटिए बाबूजी, हम रख देते हैं."

"नहीं, इसको हाथ मत लगाना." किशोरने रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि आपल्या बाजूचं हँडल धरलं. "ये बैंड का सामान है. बैंड वाले उठाएँगे."

हमालाने विचारलं, "आप बैंड में थे, बाबूजी?"

"हाँ," किशोर म्हणाला.

विन्या पुढे गेला आणि त्याने दुसरं हँडल धरलं. मुलगा "बाबा, कंबर, कंबर" करत होता, पण कोणी ऐकलं नाही. गुड्डूने मोबाईल काढून दोघांवर धरला.

"मोज," किशोर म्हणाला.

विन्या वाकला. "एक," तो म्हणाला. "दोन..."

आणि आत्याबाई उठली, दोन्ही टोकांनी एकदम, अगदी सरळ.

किशोर क्षणभर तसाच उभा राहिला, पेटी हातात धरून. मग विन्याकडे बघून हसला.

"इतक्या वर्षांनी आज तालात आलास रे, विन्या!"