रुमालातला फोटो

असिलकानची साठी उलटली, तरी तिचे थोरले दीर सैदाक्मात तिला अजून 'सूनबाई' म्हणूनच हाक मारतात, आणि तीही डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून मान खाली घालते. हिवाळ्यात तिला शोधायचं तर घरी जाण्यात अर्थ नाही. नदीकाठच्या काटेरी झाडीसमोर बर्फात जुन्या लोकरी नमद्याचा एक ढीग दिसेल. तिथे जरा खोकावं. ढिगातून "गप!" असं ऐकू आलं की समजावं, बाई आत आहेत.

तीस वर्षं तिने नवऱ्याबरोबर बाजारात फोटोचं दुकान चालवलं. पासपोर्ट, लग्नं, शाळेचे वर्ग. किझिल-सू गावातला प्रत्येक चेहरा तिच्या हाताखालून गेलाय. मग घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले, दुकानाला कुलूप लागलं, आणि पाठोपाठ नवराही गेला. त्या हिवाळ्यात ती खिडकीपाशी नुसती बसून असायची. एका सकाळी समोरच्या फांदीवर एक चिमचिक येऊन बसला. मुठीत मावेल एवढा पक्षी, अंग पांढरं, पंख निळे. बाहेर उणे वीस. 'हा एवढासा जीव तग धरतोय, मग मलाच काय धाड भरलीय?' असं म्हणून तिने कॅमेरा खाली काढला. त्याला आता सात हिवाळे झाले.

पहिल्या वर्षी तिने फांदीला मेंढीच्या शेपटीची चरबी बांधली, तीही चांगली मीठ लावून. पाहुण्याला अळणी कोण वाढतं? गुरांच्या डॉक्टरने पाहिलं आणि तो ओरडलाच, "मारताय का त्यांना? पाखराला मीठ बाधतं!" असिलकान दोन दिवस रडली. तेव्हापासून चरबी अळणी. बॅटऱ्या काखेत, नाहीतर गारठ्याने मरतात. बर्फ कॅमेऱ्याला फसवतं, त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो सगळं राखाडी करून ठेवतो. म्हणून उजेड आपणच वाढवायचा. श्वास सोडायचा तो खाली, छातीकडे, नाहीतर भिंगावर वाफ धरते. एवढं करून दिवसाकाठी एखादा फोटो धड येतो. बाकी सगळ्यात रिकामी फांदी.

यंदा त्या झाडीत पाच चिमचिक रात्रीच्या मुक्कामाला होते. झाडी दिरांची. वसंतात त्यांच्या नातवाचं लग्न, त्याला घर बांधायला जागा हवी.

"गुरुवारी तोडतो," दीर म्हणाले. "थंडीत काटे कडाकड मोडतात."

त्यांचंही काही चुकत नव्हतं, आणि तिला तेच जास्त लागलं. मोठ्या दिरापुढे वर तोंड करून बोलायची आपल्याकडे रीत नाही. पण दुसरी एक रीत आहे. नवी नवरी, नवं बाळ, नवं शिंगरू, पहिल्यांदा दृष्टीस पडलं की बघणाऱ्याने हात रिकामा ठेवायचा नाही. हे कोरुमदुक, म्हणजे पहिल्यांदा बघण्याची भेट, कुणी चुकवत नाही. असिलकानने चिमचिकचा सगळ्यात देखणा फोटो निवडला, नवरीचं तोंड झाकतात तसा पांढऱ्या रुमालात गुंडाळला, आणि दिरांच्या घरी गेली.

दीर चहा पीत होते. रुमाल पाहताच त्यांनी डोळे गच्च मिटले.

"आत काय आहे ते कळलंय मला. घेऊन जा."

"एकदा बघा तरी, भावजी."

"बघेन आणि अडकेन! मग कोरुमदुक म्हणून झाडी मागशील. मी काय कालचा आहे?" डोळे मिटूनच त्यांनी चहाचा कटोरा चाचपला. "तू नवरी होऊन आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं आणि माझा रशियन कॅमेरा देऊन बसलो. फौजेतून आणलेला! लोकांनी ओढण्या दिल्या, मीच एक शहाणा निघालो. आता तोच माझ्यावर रोखतेस होय?"

ती रुमाल तसाच घेऊन परतली. पुढचे तीन दिवस ती दिसली की दीर मान फिरवून चालायचे. एकदा तसेच कुंपणावर आदळले.

गुरुवारी उजाडताच ते कुऱ्हाड घेऊन आले. नमद्याचा ढीग झाडीसमोर होताच.

"सूनबाई, ऊठ तिथून. मला काम—"

"गप!"

चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा त्यांना असं बोलली. दीर तोंड उघडं टाकून जागीच थांबले, आणि तेवढ्यात चिमचिक आला. त्यांच्यापासून दोन हातांवर, नारिंगी फळांच्या फांदीवर बसला. थंडीने फुगून गोल झालेला. त्याने एक फळ फोडलं, चोच फांदीला पुसली आणि मान वाकडी करून कुऱ्हाडवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. दिरांना डोळे मिटायचं भानच राहिलं नाही.

पक्षी उडाला. नमद्यातून असिलकान बाहेर आली, भुवयांवर बर्फ.

"पाहिलात ना?"

"तू कुठे दाखवलास? तो आपणहून आला."

"मग मला काही देऊ नका. कोरुमदुक नवरीचं असतं, ते त्याला द्या."

दीर बराच वेळ दाढी खाजवत राहिले. "नदीकडची अर्धी दिली."

"नवरीला कुणी अर्धी ओढणी देतं का, भावजी?"

दीर हसले, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून आपल्या जर्दाळूच्या झाडांकडे पाहिलं. बापाने लावलेली झाडं ती. "घर तिकडे सरकवू," ते हळूच म्हणाले. "दोन झाडं जातील. जाऊ देत."

हे एवढं आपण मागितलं, हे असिलकानला तेव्हा कळलं.

"आता दाखव तो फोटो," दीर म्हणाले.

तिने रुमाल सोडला. ते फोटो डोळ्यांशी धरून बघत राहिले, आणि बघता बघता सवयीने त्यांचा दुसरा हात खिशात गेला. खिशातून सुक्या दह्याचा एक गोळा निघाला. तो त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. नवरी होऊन आली त्या दिवशी यांच्याच हातून कॅमेरा घेताना ती रडली होती, तशीच ती आताही रडली.