पेटीचा जबाब

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती विजेची पेटी आली तेव्हाच म्हातारी होती. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या ऑफिसात दहा वर्षं राबली, तिथं नवी आली, म्हणून ही आमच्याकडे धाडली. खेड्याला काय, जुनंच नवं. बेल्याच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं, आंध्राच्या हद्दीतलं आमचं ते मराठी गाव. एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत बॅटऱ्या, दुसरीत लोखंडी रॅक आणि माझं टेबल. मी मूळचा तामसीचा. या गावात मेकॅनिक म्हणून बदली झाली आणि नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं त्या दोन खोल्यांत गेली.

पेटी हातभर लांब होती, आठ सॉकेटांची, रॅकच्या वरच्या कप्प्यात आडवी बसवलेली. प्रत्येक सॉकेटखाली एक बटन आणि एक लाल दिवा. वरच्या झाकणाला गरम हवा निघायला फटी. तिच्यात विशेष एवढंच की तिची एक तार टेलिफोनच्याच लाइनीनं आदिलाबादला जायची. तिथल्या साहेबाला आपल्या कम्प्युटरवर दिसायचं, आमचं कोणतं सॉकेट चालू आहे, कोणतं बंद. मनात आलं तर तो तिथूनच ते बंद-चालू करायचा. इकडं कोणी हातानं बटन दाबलं तर तेही वेळेसकट तिथं नोंदलं जायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, त्यासाठी सरकारनं उंट घेऊन दिला होता.

तिसऱ्या सॉकेटवर बॅटऱ्यांचा चार्जर. ते सॉकेट बंद पडलं तर बॅटऱ्या दोन-अडीच तास ओढून नेत, मग सगळ्या गावाचे फोन मुके होत. आणि एका श्रावणात ते सॉकेट सकाळी सकाळी बंद पडायला लागलं. रोज नाही, दोन दिवसांआड, तीन दिवसांआड. मी नऊला यायचो, तोवर बॅटऱ्या उतरलेल्या असायच्या आणि पुन्हा भरायला दुपार उलटायची. दुपारी कापसाचे व्यापारी, किराणावाला, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे दारात उभे. त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता, तरी मी लागायचो. माझा स्वभावच तसा.

आदिलाबादच्या साहेबाचा फोन आला. तो तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचा. त्याचं म्हणणं, त्यानं तिकडून काही केलेलं नाही. कम्प्युटरवर स्वच्छ नोंद आहे: तिसरं सॉकेट, हातानं बंद, सकाळी सहा-साडेसहा. त्या वेळेला खोलीत कोण असतं?

असायचा आमचा रोजंदारीवरचा मजूर. गावातलाच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. सहाला कुलूप काढायचा, झाडायचा, ओल्या फडक्यानं फरशी पुसायचा, बॅटऱ्यांचं पाणी बघायचा, खांबांवर चढायचा. अकरा वर्षं तो असा होता. त्या वर्षी रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघणार होती, त्यात त्याचं नाव होतं. ही यादी चुकली तर पुढच्या यादीपर्यंत त्याचं वय निघून जाणार होतं. साहेबानं मला सरळ सांगितलं, हे त्याच्या हातून होत असेल तर नाव कापावं लागेल. आठ दिवसांत दोष शोधून रिपोर्ट द्यायचा.

मी फोन ठेवला आणि त्याच्यावर तुटून पडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "साहेब, मी त बटनाले हात बी नाई लावत." मला ते खरं वाटलं नाही. यंत्र काऊन खोटं बोलेल? त्याला ना यादी ना पोटपाणी.

मग शोध सुरू केला. फ्यूज बदलला. मीटर लावून विजेचा दाब मोजला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं. सॉकेट उघडून आतल्या पट्ट्या घासल्या, कारण जुन्या पेटीत पहिला संशय पट्ट्यांवरच जातो. चार्जर दुसरीकडं लावावा तर दोन सॉकेटं वयानं मेलेली, बाकीची भरलेली. भिंतीवरून सरळ वायर घेतली तर साहेब ओरडला, त्याला चार्जर दिसेना. शेवटी आदिलाबादची तारच दोन दिवस काढून ठेवली. तरी तिसरं बंद झालंच. म्हणजे दोष लाइनीतून येत नव्हता, तो खोलीतच होता.

पाचव्या दिवशी मी पहाटे जाऊन बसलो. त्याला सांगितलं, तुझं काम कर, मी इथं स्टुलावर आहे. बाहेर पावसाची झडी लागलेली. त्यानं दार उघडं टाकलं, झाडलं, बादली आणली आणि फरशी पुसायला घेतली. खोलीत ओल्या फडक्याचा वास भरला. तो कोपऱ्यात उकिडवा, रॅकपासून चार हात लांब, पाठमोरा. आणि पेटीत टक्‌ असं वाजलं. तिसरा दिवा गेला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यानं फडकं बादलीत पिळलं. मला खरं म्हणजे त्याची माफी मागायला पाहिजे होती. मी त्याला बॅटऱ्यांचं पाणी आणायला बेल्याला पाठवलं, आणि तो सायकलवर गेल्यावर पेटी खाली उतरवून झाकण काढलं.

आत सर्किटच्या कार्डावर लाल चिखल होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते कुंकू होतं, हळद होती, दोन-चार अक्षतांचे दाणेही होते. दर खंडेनवमीला मी रॅकची पूजा करायचो. ज्याच्यावर भाकर मिळते ते पुजायचं, आमच्या घरी विळा-नांगर पुजत, माझ्याकडं रॅक होता. तो मजूर झेंडूची फुलं आणायचा आणि मी पेटीवर चिमूट चिमूट हळदकुंकू वाहायचो, सढळ हातानं. चार दसऱ्यांचं ते फटींमधून आत उतरलं होतं. उन्हाळ्यात कोरडं, गप. पावसाची ओल आणि पुसलेल्या फरशीची वाफ लागली की ओलसर होऊन तिसऱ्या बटनाच्या दोन टोकांमध्ये विजेला वाट करून द्यायचं. कार्डाला वाटायचं, बटन दाबलं. ते तसं आदिलाबादला कळवायचं. पेटीनं तिला वाटलं तेच सांगितलं होतं.

कापसाचे बोळे आणि स्पिरिट घेऊन मी तासभर ते पुसलं. टोकांवर हिरवा गंज चढला होता, तो दात घासायच्या ब्रशनं काढला. लाल झालेले बोळे केराच्या टोपलीत तळाशी दाबले, वर जुना पेपर टाकला. तो पाणी घेऊन आला तोवर पेटी जागेवर होती आणि तिसरा दिवा पेटलेला होता. सापडलं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, सापडलं.

रिपोर्ट लिहायला बसलो आणि अडलो. समोर भिंतीवर माझ्याच हातची पाटी होती: यंत्रावर काहीही ठेवू नये. हैदराबादला ट्रेनिंग घेऊन आलेला मेकॅनिक मी, गावातल्या लोकांना पाण्याचा पेला टेबलावर ठेवू देत नव्हतो. आता काय लिहू, मी यंत्राला कुंकू लावून बिघडवलं? सगळ्या जिल्ह्यात हसू झालं असतं. मी लिहिलं: बटन हातानं दाबलेलं नाही, कार्डावर धूळ साचून दोष आला, साफ केलं. मला ते चतुर वाटलं. दोष निघाला, मजूर सुटला, मीही सुटलो.

रिपोर्ट घेऊन बसनं आदिलाबादला गेलो. साहेबानं वाचला, मान हलवली. त्याच्या टेबलावर कम्प्युटर होता आणि त्या कम्प्युटरच्या कपाळावर कुंकवाचं मोठं बोट होतं, गेल्या दसऱ्याचं, वाळून तपकिरी झालेलं. मी ते पाहिलं. तेव्हा सांगता आलं असतं. तो हसला असता, फार तर फटींवर कागद टाका म्हणाला असता.

त्यानं विचारलं, "कमरे की सफाई किसके जिम्मे है?"

मी मजुराचं नाव सांगितलं. खोटं नव्हतं ते. परतीच्या बसमध्ये, अर्ध्या वाटेत, मला कळलं की मी काय सांगून आलो. बस थांबवावी असं वाटलं. थांबवली नाही. एवढ्याशा धुळीचं कोण काय करतं, अशी मनाची समजूत घातली आणि मूग गिळून बसलो.

तीन आठवड्यांनी यादी आली. त्याचं नाव कापलेलं. शेरा: साफसफाईत हलगर्जी, त्यामुळं यंत्रात बिघाड. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी मीच रोवलेली. मी त्याला कागद वाचून दाखवला, कारण तो तेलुगूत होता आणि त्याला तेलुगू वाचता येत नव्हतं. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, धूळ त मी रोज पुसत होतो."

मला लाज वाटली. तेवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही. त्याच दिवशी मी खरं काय ते लिहून दुसरं पत्र पाठवलं, कुंकवासकट, माझ्या सहीनं. उत्तर आलं की यादी वर गेली आहे, मिसल, म्हणजे फाइलच, बंद झाली आहे. मला कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. त्या पत्राबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही, आणि तो दुसऱ्या दिवशीपासून नेहमीसारखा सहाला कुलूप काढत राहिला.

पुढं खंडेनवमी आली. तो नेहमीसारखा झेंडूची फुलं, आंब्याची पानं आणि ताट घेऊन आला. मी म्हटलं, यंदा पूजा नको. त्यानं ऐकलं नाही. रॅकला पानं बांधली, फुलं ठेवली, मग पिशवीतून एक पुठ्ठा काढला. पेटीच्या फटींवर तो पुठ्ठा बरोबर बसला. मापानं कापून आणलेला होता.

"वाहा साहेब," तो म्हणाला. "आता आत नाई पडत."

पेटीत काय सापडलं ते मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. केराची टोपली रोज कोण रिकामी करतं, ते मला तेव्हा आठवलं. तो ताट पुढं धरून उभा होता. मी चिमूटभर कुंकू घेतलं आणि पुठ्ठ्यावर वाहिलं.