खुब्यावर ठेवलेला हात

मार्शल फोर्क गावच्या कॉलेजात खेळाडू मुलींमध्ये सेवा करायला लागून वॉनेटा हॉफमनला एकोणीस वर्षं झाली होती. नेमणूक चर्चची, पण मैदानावर, बसमध्ये, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत तिला कुणी अडवत नसे. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात ती मुलींना चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल खाऊ घालायची, मग बायबल वाचून दाखवायची आणि शेवटी ज्या मुलीचं जे दुखणं असेल त्यासाठी प्रार्थना करायची. लग्न तिनं केलं नव्हतं. "एवढ्या पोरी आहेत की," म्हणायची आणि विषय तिथंच संपवायची.

ब्रिन केसल तिची विशेष लाडकी. तिसऱ्या वर्षाची, अबोल, लांब पल्ल्याची धावपटू. मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायची. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, सराव संपून बाकीच्या मुली गेल्यावर, ती बाकावर बसून राहिली.

"मिस वॉनेटा, एक सांगू? कोचना कळू द्यायचं नाही पण."

"सांग की."

"खुब्यात दुखतंय. अगदी आत. दोन आठवडे झाले. कूस बदलली तरी कळ येते."

"दाखवलंस कुणाला?"

"दाखवलं की बाहेर बसवतील मला. शनिवारी शर्यत आहे, आणि पप्पा पहिल्यांदाच बघायला येणारेत."

वॉनेटा स्वतः एके काळी पळायची. बाविसाव्या वर्षी नडगी दुखते म्हणून एक मोठी शर्यत तिनं सोडली होती, आणि दुखणं आठवड्यात पळालं होतं. ती हळहळ तिनं आजवर उराशी धरली होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तिनं पुढं कित्येक महिने स्वतःशीही कबूल केली नाही: पोरीनं कोचला सोडून आपल्याला विश्वासात घेतलं, याचं तिला आतून बरं वाटलं होतं.

तिनं ब्रिनच्या खुब्यावर हात ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि म्हणाली, "ज्यानं तुला हे पाय दिले, तो शनिवारी तुझ्याबरोबर पळेल. भरवसा ठेव."

ब्रिन रडता रडता हसली. "बघा हं, तोच मागे पडायचा."

शनिवारी बोचरा वारा होता. सहा किलोमीटरपैकी चौथ्यात, उतारावर, ब्रिन तिसऱ्या नंबरवर होती. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या वॉनेटाच्या डोळ्यांदेखत तिचा पाय गेला. पोरगी किंचाळली, हातांवर उठायचा प्रयत्न करत राहिली, आणि मग तेही थांबलं.

हाडाला आधीच तडा होता. दोन महिने विश्रांती दिली असती तर भरून आला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता तीन स्क्रू घातले होते. पळणं संपलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ब्रिनचे वडील, मर्ल, टोपी हातात घेऊन उभे होते. धान्याच्या कोठारावर उभी हयात काढलेला माणूस. आवाज चढवायची सवय नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"बुधवारपासून?"

"हो."

"आमच्याकडे गाय लंगडली तरी आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन करतात, बाई. प्रार्थना त्याची गाडी येईपर्यंत करतात."



सोमवारी ती आपण होऊन कोचकडे गेली आणि सगळं सांगितलं. कोच स्ट्रॉब उठून दार लावून आल्या. "मला कळायला हवं होतं ते तुम्ही पोटात ठेवलंत," त्या म्हणाल्या. "मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत आता येत जाऊ नका."

मंगळवारी तिनं मुलींनाही सांगितलं, काहीही हातचं न राखता. गोळाफेकवाली ओडेसा ताडकन म्हणाली, "मग हाड कुणी मोडलं? देवानं की तुम्ही?"

"देवावर ढकलणार नाही मी," वॉनेटा म्हणाली.

त्या दिवशी सव्वीस जणी होत्या. पुढच्या मंगळवारी नऊ आल्या, नाताळपर्यंत चार. चिलीचं भांडं अर्धंअधिक तसंच परत जायचं.

खरा घाला आत पडला होता. शेजारच्या खोलीत हाक मारावी इतक्या सहज ती देवाशी बोलत आली होती. आता शब्दच उमटेना. देवावर तिचा राग नव्हता. आपण ज्याला भरवसा म्हणत आलो ती नुसती आपलीच इच्छा होती, वर त्याचं नाव लावलेलं, ही भीती तिला पोखरत होती. तिनं राजीनामा दिला. चर्चवाले म्हणाले, दुसरी कुणी मिळेपर्यंत थांब. दुसरी कुणी मिळाली नाही.

फेब्रुवारीत ती दोन तास गाडी हाकत केसलांच्या घरी गेली. ब्रिननं कॉलेज सोडलं होतं. मर्लनी दार उघडलं, मान हलवली आणि फावडं घेऊन बर्फ उपसायला निघून गेले. ब्रिन काठी टेकत आली.

"माफी मागायला आलेय," वॉनेटा म्हणाली.

"पत्रात मागितलीत की."

"तोंडावर मागायची होती."

"राग नाही म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण आहे." ब्रिन खाली बघत होती. "मीही बोलायला हवं होतं, मान्य. पण मी वीस वर्षांची होते, मिस वॉनेटा. तुम्ही पन्नाशीच्या."

"खरंय."

"आणि माझ्यासाठी प्रार्थना करते म्हणू नका. पप्पांबरोबर चर्चला जाते मी, बसते. गात मात्र नाही."

"मलाही हल्ली जमत नाही," वॉनेटा बोलून गेली.

ब्रिननं पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुम्हाला?"

"सकाळी बसते. 'आलेय' म्हणते. पुढं काही सुचत नाही. उठते."

"मग बसता कशाला?"

"दुसरं जाऊ कुठं?"

ब्रिननं कॉफी ओतली, दोघींनी ती गार होईपर्यंत पुरवून प्यायली. निघताना मिठी नाही, पुन्हा या नाही. दारातून ब्रिन एवढंच म्हणाली, "रस्त्यावर बर्फ आहे. हळू चालवा."

नंतर वॉनेटानं दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. ब्रिन आपल्या गावातच नोकरीला लागल्याचं तिला इतरांकडून कळलं. थोडी लंगडते म्हणे. वॉनेटा अजून मार्शल फोर्कलाच आहे. मंगळवारी कधी पाच मुली येतात, कधी दोनच. एखादीनं दुखतंय म्हटलं की ती आधी विचारते, कोचना सांगितलंस का, आणि नाही म्हणाली तर तिला घेऊन कोचच्या दारापर्यंत जाते. आत जात नाही. बाहेर थांबते, आणि थांबल्या थांबल्या, अडखळत का होईना, त्या मुलीचं नाव देवापुढं घेते.