पाणी उतरेपर्यंत

पाण्याचा रंग बदलला तेव्हा मी कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं. त्या दिवशीची माझी खरी चूक हीच. बाकी लहानसहान चुका बऱ्याच होत्या, त्या ओघाने येतीलच.

मी नाशिकमध्ये एका शाळेत लिपिक आहे. तेव्हा वय एकोणपन्नास होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही याची कारणं मी वेगवेगळ्या वयात वेगवेगळी सांगितली, आणि पुढे विचारणारेच उरले नाहीत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी राहायचो. आई आदल्या हिवाळ्यात गेली. ती होती तोवर मी साधी भाजी आणायला निघाले तरी विचारायची, "कुठे? कोणासोबत? कधी येशील?" मला त्याचा वैताग यायचा. ती गेल्यावर हे विचारणारं कोणी राहिलं नाही आणि काही महिने तरी मला खरोखर मोकळं वाटलं. त्याच मोकळेपणात मी कॅमेरा घेतला.

एकट्या माणसाला रविवार फार लांब असतो. शाळेच्या दिवशी दाखले, हजेरीपत्रकं, पालकांची भांडणं यात संध्याकाळ कधी होते कळत नाही. रविवारी मात्र आठ वाजता चहा झाला की पुढचा सगळा दिवस समोर येऊन बसतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी कॅमेरा शिकले. आधी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जायचे, पण तिथे कॅमेरा घेतलेल्या एकट्या बाईकडे सगळे वळून बघतात. मग एसटीने पेठ, सुरगाणा असं डोंगराकडे जाऊ लागले. तिकडे कोणी बघत नाही, कारण तिकडे कोणी नसतं.

सप्टेंबरचा शेवट होता. सकाळच्या गाडीने सावळघाट उतरून पेठला गेले, तिथून भरलेल्या जीपमध्ये कडेला बसून एका छोट्या फरशी पुलाशी उतरले. काठाने वीसेक मिनिटं चालल्यावर नदीत काळ्या खडकांचा पट्टा लागला. खडकांतून पाणी चार-पाच वाटांनी वाहत होतं, स्वच्छ, तळाचे गोटे दिसतील असं. मला वाहत्या पाण्याचा तो दुधासारखा दिसणारा फोटो हवा होता. त्यासाठी कॅमेरा अजिबात हलू न देता काही सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि भर उन्हात तसं करायचं तर भिंगावर काळी काच लावावी लागते. मी घोट्याएवढ्या पाण्यातून दोन वाटा ओलांडून मधल्या खडकावर गेले. ट्रायपॉड उभा केला. पिशवी खालच्या एका सपाट दगडावर ठेवली. त्यात डबा होता, पाणी होतं आणि मोबाइल. रेंज नव्हतीच, तर खिशात कशाला ठेवायचा.

माझ्या डोक्यावर ऊन होतं. वरच्या अंगाला, नदी जिथून येते त्या डोंगरावर मात्र काळं आभाळ उतरलं होतं. ते पाहून माझ्या मनात एवढंच आलं, की हे फोटोत छान दिसेल.

पहिले दहा-बारा फोटो चांगले आले. मग पडद्यावर पाणी पिवळसर दिसू लागलं. मला वाटलं, काळ्या काचेमुळे रंग बिघडतोय. मी सेटिंग बदललं. पुढच्या फोटोत पाणी चहासारखं झालं. मी पुन्हा सेटिंगमध्ये शिरले. मान खाली, डोळा कॅमेऱ्याला. मध्येच पाण्यावरून काटक्या आणि हिरवी पानं वाहत गेलेली दिसली आणि फोटो खराब झाला म्हणून मी ती सरकण्याची वाट बघत थांबले.

मग आवाज बदलला. पाण्याची खळखळ थांबून त्याचा एक सलग, जाड आवाज झाला. मी मान वर केली तर ट्रायपॉडचा एक पाय पाण्यात होता. पिशवी ठेवलेला दगडच नव्हता. ज्या वाटा मी चप्पल हातात घेऊन ओलांडल्या होत्या त्या एक होऊन गढूळ पाणी काठापर्यंत पसरलं होतं.

कॅमेरा गळ्यात अडकवला, ट्रायपॉड ओढून घेतला आणि खडकाच्या सगळ्यात उंच भागावर चढले. ती जागा एका खाटेएवढी असेल. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

मी ओरडले. आधी "कोणी आहे का?" असं, जरा संकोचाने, शाळेच्या ऑफिसात हाक मारावी तसं. मग नुसतीच ओरडले. काठावर करवंदीच्या जाळ्या आणि साग, बाकी कोणी नाही. घसा बसल्यावर गप्प बसले आणि मग भलताच हिशेब डोक्यात सुरू झाला. आपण इथून वाहून गेलो तर कोणाला कधी कळेल? सोमवारी शाळेत वाटेल, बाईंनी रजा टाकली. दाराला अडकवलेल्या पिशवीत दूधवाला मंगळवारचीही दुधाची पिशवी ठेवून जाईल. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून जाताना कदाचित वर बघतील. मंगळवार दुपारच्या आधी काही कोणी दार वाजवत नाही. आणि वाजवलं तरी मी पेठच्या बाजूला गेले, हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. पाण्यापेक्षा या गोष्टीने मला जास्त भीती वाटली.

तासाभराने काठावर दोन बैल आले आणि त्यांच्या मागून एक म्हातारा. सदऱ्याच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेली. त्याने मला पाहिलं, थबकला आणि दोन्ही तळवे खाली दाबत मोठ्याने ओरडला, "बस! बस तठंच!"

मी बसले. मला वाटलं, आता हा धावत जाईल, माणसं आणेल, दोर आणेल. तो कुठेच गेला नाही. बैल चरायला सोडले, पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि माझ्यासमोर काठावर उकिडवा बसला. आमच्यामध्ये पंधरा-वीस पावलांचं पाणी होतं. मी ओरडून विचारलं, "बाबा, कोणाला बोलावता का?" त्याने कानाला हात लावून मान हलवली. बसलेल्या घशातला माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. अर्धा तास गेला तरी तो तसाच बसलेला. मला त्याचा राग येऊ लागला. संकटात सापडलेल्या बाईची गंमत बघत बसलाय, असंही मनात येऊन गेलं.

दोन वाजून गेले. पाणी कमी झाल्यासारखं मला वाटलं. ऊन लागत होतं, तहान लागली होती, आणि सगळीकडे पाणी असून पिता येत नव्हतं. मी ट्रायपॉड मिटून काठीसारखा धरला, खडकाच्या खालच्या बाजूला आले आणि एक पाय पाण्यात टाकला. थंड पाणी पोटरीला एवढ्या जोराने लागलं की कोणी ओढल्यासारखं वाटलं.

म्हातारा ताडकन उठला. शिव्या देत असावा, त्याचे शब्द येत नव्हते पण हात येत होते. त्याने शेजारची वाळकी फांदी काडकन मोडली आणि माझ्या समोरच्या पाण्यात फेकली. माणसाच्या हाताएवढी जाड फांदी. ती एकदा उभी राहिली, गरकन फिरली आणि खाली गेली. मी वर यायची वाट बघितली. ती वर आली ती खूप लांब, वळणापाशी.

मी पाय काढून घेतला आणि वर जाऊन बसले. थोडा वेळ रडले. त्याने मान दुसरीकडे वळवली.

मग त्याने पहिल्या दगडाच्या पुढे, पाण्याच्या अगदी कडेला, दुसरा दगड ठेवला आणि मला बोट दाखवून समजावलं. मला आधी कळेना. काळी काच काढून, कॅमेऱ्याचं भिंग लांब करून पाहिलं तेव्हा उमगलं. तो पाणी मोजत होता. पाणी वीतभर मागे सरकलं की तो एक दगड पुढे ठेवायचा. मी भिंगातून ते दगड बघत राहिले. फोटो काढावा असं मुळीच सुचलं नाही. तीन दगड झाले, चार झाले. मध्ये त्याने फडक्यातून भाकरी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत फडक्यात बांधून ठेवली.

पाच वाजता नऊ दगड झाले होते. शेतातून परतणाऱ्या दोन बायांना त्याने थांबवलं. त्या काठाशी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या आणि तो काठीने तळ चाचपत माझ्यापर्यंत आला. पाणी त्याच्या मांडीपर्यंत होतं. त्याने माझं मनगट पकडलं.

"जठं माझा पाय, तठंच तुझा," तो म्हणाला. "वर बघ. पाण्याकडं नको बघू."

ती वीस पावलं ओलांडायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. काठावर त्या बायांपैकी एकीने मला धरून बसवलं आणि आपल्या पदराने माझे हात पुसले. म्हाताऱ्याने फडकं सोडून नागलीची भाकरी मोडली, अर्धी मला दिली.

"संगं कोण नाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"घरी?"

"आहेत," मी म्हणाले. का खोटं बोलले, माहीत नाही.

मग न राहवून मी विचारलंच, "बाबा, तुम्ही माणसं आणायला का नाही गेलात?"

"पाडा लांब आहा. जाऊन येयाला तास. तेवढ्यात तू पाण्यात उतरली असती." भाकरीचा घास चावत तो शांतपणे म्हणाला. "एकटी होती ना. समोर कोणी बसलं का माणूस थांबतं. म्हून बसलो."

मला त्याचा राग आला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. आजही त्या रागाची लाज वाटते.

त्याने मला रस्त्यापर्यंत आणून जीपमध्ये बसवलं. जीपवाल्याने माझे ओले कपडे पाहिले, काय झालं ते ऐकलं आणि रेंज आल्याबरोबर आपला फोन पुढे केला. "ताई, घरी कळवा. काळजी करत असतील."

मी फोन हातात घेतला. नंबर आठवायचा प्रयत्न केला. शाळेचे, नातेवाइकांचे सगळे नंबर वाहून गेलेल्या मोबाइलमध्ये होते. पाठ होता तो एकच, आईचा. तिचा फोन कपाटात साड्यांखाली बंद पडलेला होता. तरी मी तो दहा आकडी नंबर दाबला. पलीकडून एक बाई सांगू लागली, की हा नंबर सध्या अस्तित्वात नाही. मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"लागला का?" जीपवाल्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले आणि फोन परत केला.

शाळेत मी फक्त मोबाइल हरवल्याचं सांगितलं. डिसेंबरात एक जाड चादर आणि मिठाई घेऊन त्या पाड्यावर गेले. निम्म्या घरांना कड्या होत्या. दारात बसलेल्या एका आजीने सांगितलं, सगळी द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेली. "कोणता म्हातारा पाहिजे तुला?" तिने विचारलं, आणि माझी पंचाईत झाली. मी त्याचं नाव विचारलं नव्हतं, त्यानेही माझं विचारलं नव्हतं. मी बैलांचे रंग सांगितले, छत्री सांगितली. आजी हसली. छत्री तर सगळेच तशी अडकवतात. चादर तिच्याकडे ठेवून आले. त्या हिवाळ्यात दिंडोरी रस्त्याने जाताना मी एसटीच्या खिडकीतून द्राक्षबागांकडे बघायचे, पण वेलींखाली वाकलेल्या माणसांचे चेहरे गाडीतून दिसत नाहीत.

फोटो काढणं मी सोडलं नाही. आता पाण्याजवळ जायच्या आधी गावात विचारते, वर पाऊस आहे का. कॅमेरा लावायच्या आधी मागे वळून डोंगराचं आभाळ बघते. मोबाइल गळ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. पण हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते कोणाला तरी सांगून जाणं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी आणि मी वीस वर्षं एकाच जिन्याने चढ-उतार करतोय. बोलणं पाण्याच्या टाकीपुरतं. त्यांच्या दारात उभी राहून मी एकदाचं म्हणाले, "वहिनी, मी उद्या पेठकडे जातेय. सहाला येईन. नाही आले तर एक फोन कराल का?" कागदावर जागा, वेळ, नंबर असं सगळं लिहून नेलं होतं. त्या गोंधळल्या. "करीन की," म्हणाल्या. "पण का हो? काही झालंय का?" मी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला घरी पोहोचले. त्यांना सांगायला खाली जायला हवं होतं. मी गेले नाही. दिवा न लावता फोन मांडीवर घेऊन बसले. सहा वाजले. साडेसहा. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, कोणीतरी मोठ्याने हसलं. सव्वासातला मी उठले आणि खाली जाऊन सांगितलं, "वहिनी, आले हो मी."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! पाहुणे आले नि मी साफ विसरले. ताई, खरंच, मला फार वाईट वाटतंय." त्यांनी खरोखर डोळ्यांत पाणी आणलं आणि मला आत ओढून पोहे खायला लावले. तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांच्या मुलीने त्यांच्या मोबाइलवर गजर लावून दिला. त्याला नाव दिलं, 'वरच्या ताई'.

तेव्हापासून त्या एकदाही विसरल्या नाहीत. मी दिलेल्या वेळेला गजर होतो, त्या फोन करतात. मी म्हणते, "पोहोचले." त्या म्हणतात, "बरं." एवढंच बोलणं होतं. कधी कधी मी सहाची वेळ सांगितलेली असते आणि पाचलाच घरी आलेली असते. खाली जाऊन कळवता येतं. पण मी जात नाही. हातपाय न धुता, कॅमेऱ्याची पिशवी तशीच शेजारी ठेवून फोन वाजायची वाट बघत बसते.