आत्याची उपाशीपोटीची शुगर

आत्या आज सकाळी गेली.
तिच्यावर एकदा गूळ चोरून खाल्ल्याचा आळ आला होता. ती केस मी लढले होते.

पुसेगावची गोष्ट, दोन हजार सालच्या आसपासची. आत्याला डायबेटिस. जीपनं सेनगावला जाऊन रक्त तपासायची. रात्रभर पोटात काही नाही, तरी सकाळची शुगर वाढलेलीच!

मामा, म्हणजे तिचे यजमान, चारचौघांत म्हणायचे, "चोरून गूळ खाती ही."

आत्यानं गुळाचा डबाच शेजारी देऊन टाकला. शुगर तशीच.
मग तिनं रात्रीचं जेवण सोडलं.
आणि एक दिवस पाणी भरताना चक्कर येऊन पडली.

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. आत्या अडून बसली. "सुई लागली म्हंजे माणूस संपलं."

मी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होते. डायबेटिस झालेल्या उंदरांच्या लिव्हरमधल्या जीन्सवर. घरच्यांच्या भाषेत, "पोरगी उंदरं कापती."

सुट्टी टाकून गेले. तिच्या बाजेवर बसून सांगितलं, "आत्या, आपण उपाशी असलो की लिव्हर स्वतःच साखर बनवतं. साखर बनव म्हणून सांगणारे जीन्स त्याच्यात असतात. ते आवरायचं काम इन्सुलिनचं. तुझं इन्सुलिन कमी पडतंय, लिव्हर त्याचं ऐकेना. म्हणून ते जीन्स चालूच राहतात."

ती उठून बसली.
"म्हंजे मी उपाशी, अन् ते आतून साखर करून राहिलंय?"
"व्हय."
"हे ह्यांच्यापुढं सांग."

मामांना बोलावलं. परत सगळं सांगितलं. मामा आत्याकडे वळले.
"चुकलं माझं. उगाच तकलीफ दिली तुला."

आत्या रडली. मग पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, "सुई जाऊन त्या लिव्हरला सांगल का, बस कर म्हणून?"
"सांगल."
"मग आण."

सुई रोज मामाच द्यायचे. सुरुवातीला सुई टोचताना तेच "आई गं" म्हणायचे, आणि आत्या खो खो हसायची.

नंतर तर ती प्रोफेसरच झाली. जीपमध्ये, हळदीकुंकवात, शुगरवाली बाई दिसली की लेक्चर सुरू.
"जीन म्हंजे ते पँटचं कापड न्हाई बरं का!"

मघाशी तिच्या सुनेचा फोन आला. आत्यानं ज्या ज्या बायांची सुईची भीती घालवली, त्या सगळ्या आल्यात. अंगणात उभं राहायला जागा नाही.

आत्या, माझा थिसिस चार जणांनी वाचला असेल. तुझ्या तोंडून तो अख्ख्या गावानं ऐकला.

निवांत जा. तुला मनापासून नमस्कार.