पिंपळाच्या सिस्टर

"जरा कळ सोस माय, झालंच आता," असं म्हणत त्या तळहात टेकवायच्या. समोर अडलेली बाई नसायची, भिंत असायची आणि भिंतीच्या भेगेत वीतभर पिंपळ उगवलेला असायचा. हे तुम्ही भिंतीला म्हणता की पिंपळाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्याला दुखतंय त्याला."

सगळा वाशी तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा. उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. आसपासच्या खेड्यांत आज जे मिशा पिळत फिरतात, त्यांतले कितीतरी त्यांच्या हातावर पहिल्यांदा रडले. त्यामुळे कुणाचीही त्यांच्यापुढे मान वर व्हायची नाही. रिटायर झाल्यावर लोक घर बांधतात, देवदर्शनाला जातात, नाहीतर सुनेशी भांडतात. सिस्टरांनी भिंतींतले पिंपळ सोडवायला घेतले.

तुम्ही खेड्यात राहिला असाल तर ही अडचण तुम्हाला ठाऊकच असेल. भिंतीत पिंपळ उगवला की तो कुणी उपटत नाही. त्यावर मुंजा असतो, पितर असतात, शिवाय शेजाऱ्यांची नजर असते. आणि नाही उपटला तर मुळं भिंत फोडतात. मग माणूस बिचारा रोज त्याला नमस्कार करतो आणि रोज भेग किती वाढली ते बघतो. वाशीतल्या एका दुकानदाराला यावर तोड सापडली. सिस्टर बौद्ध आहेत, त्यांना कसलं पाप! त्यानं बोलावणं धाडलं आणि तोंडावर सांगूनही टाकलं, "शिस्टर, तुमाला त्याचं काय न्हाय, म्हणून म्हणलं तुमीच काढा."

"मला काय न्हाय?" सिस्टर हसल्या. "मला तर दुप्पट हाय. आमच्या तथागतांना उजेड पडला तो ह्याच झाडाखाली. मारायला न्हाय, सोडवायला आले म्या."

आणि त्यांनी तो खरंच सोडवला. भिंत आधी पाण्यानं भिजवली, चिमट्यानं चुना उकरला, मुळाचं एकेक टोक मोकळं केलं. दुकानदार पाठ फिरवून उभा होता. त्या ओरडल्या, "इकडं बघा! बाळंतपणात नवऱ्याला बाहेर बसवायचे, म्हणूनच तुमा पुरुषांची जात अशी भित्री राहिली. धरा हे." दुकानदाराच्या ओंजळीत ओला पिंपळ आला. खड्डाही त्यालाच खणावा लागला. "काढायचं काम माझं, सांभाळायचं तुमचं," हा त्यांचा नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. महिन्याभरानं त्या अचानक जाऊन बघायच्या. झाड सुकलेलं दिसलं तर लस चुकवणाऱ्या आईला बोलावं तसं बोलायच्या.

मी येडशीत एका छोट्या संस्थेत काम करतो. दोन खोल्या, मागं रोपवाटिका आणि बहुतेक वेळा ढकलून चालू करावी लागणारी मोटरसायकल, एवढा आमचा पसारा. रामलिंगच्या रानाकडेला झाडं लावायची, जुने पाणवठे साफ करायचे. सिस्टर पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला लसीचा जुना निळा डबा होता. मला वाटलं, पोलिओ. मी म्हणालो, "आमच्याकडं लहान मूल नाही." त्यांनी झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात पिंपळाची रोपं शेजारी शेजारी निजवलेली होती. "आता हायत," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या रोपवाटिकेचा एक कोपरा त्यांचा झाला. तिथं सलाइनच्या रिकाम्या बाटल्या टांगलेल्या असायच्या आणि थेंब थेंब पाणी मुळांशी पडत राहायचं. पाहुणे आले की विचारायचे, हे आजारी आहेत का?

पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून यायच्या, रोपांपुढे बसून वंदना म्हणायच्या आणि लगेच उठून मला झापायच्या, कारण मी हमखास कुठल्यातरी रोपाला पाणी घालायचं विसरलेलो असायचो. भक्ती आणि झापणं यांच्यात त्यांनी कधी उसंत ठेवली नाही.

एका वर्षी वाशीजवळच्या एका गावात आम्ही बारव साफ करायला घेतली होती. जुनी, दगडी, खाली पायऱ्या उतरत जाणारी. गाळ निघाला, झरे मोकळे झाले. उन्हाळ्यात गावाला आणि जनावरांना भरवशाचं तेवढंच पाणी. पण पूर्वेच्या भिंतीत मांडीएवढ्या खोडाचा पिंपळ होता आणि त्यानं दगड बाहेर ढकलले होते. गवंड्यानं स्पष्ट सांगितलं, पाऊस लागला की ही भिंत खाली येणार आणि बारव बुजणार. पिंपळ तोडायला गावातलं कुणी तयार नव्हतं. बाहेरचा माणूस आणून तोडला असता, तर पुढं गावात कुणाला ठेच लागली तरी पिंपळाचं नाव निघालं असतं. शेवटी बैठकीत एक म्हातारे म्हणाले, "शिस्टरला आणा."

मी मोटरसायकलवरून त्यांना घेऊन गेलो. गावाचं नाव सांगितलं तेव्हा निळा डबा खांद्याला अडकवून त्या नुसत्या मागं बसल्या. बारवेजवळ पोचलो. सगळे त्यांची वाट बघत होते. सिस्टर वरच्या कडेला येऊन थांबल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. मला वाटलं, पिंपळ बघून दचकल्या.

"हे माझ्या आईचं गाव," त्या हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू जाईल एवढंच. "माझा जन्म हितलाच. मग आमी वाशीला गेलो. माझी आई हितं, ह्या कडेला उभी ऱ्हायची. घागर खाली ठेवायची आन् वाट बघायची. खाली उतरायची परवानगी नव्हती आमाला. कुणाला दया आली तर वरून वतायचं. न्हाय आली तर उन्हं डोक्यावर येईस्तोवर उभं."

 बारवेचं मोजमाप, फोटो, इतिहास, सगळं आम्ही गोळा केलं होतं. हे त्यात कुठंच नव्हतं. मी म्हणालो, "सिस्टर, नको वाटत असेल तर आपण परत जाऊ. दुसरं काहीतरी बघू."

"परत कशाला?" त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं चष्म्यावरून पाहिलं. "झाडानं काय केलंय?"

त्यांनी चप्पल काढली, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. गुडघे दुखत असल्यामुळं त्या एका एका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरत होत्या. कडेवरची माणसं वाकून बघत होती. त्यांतल्या कितीजणांना आपण काय बघतो आहोत हे माहीत होतं, मला सांगता येणार नाही.  सिस्टर तळाशी पोचल्या, वाकल्या, ओंजळीनं पाणी घेऊन तोंडावर मारलं, एक घोट प्यायल्या. मग वर बघून ओरडल्या, "नुसते बघता काय? सुतळी टाका!"

पिंपळ एवढा मोठा की मुळासकट निघणं शक्य नव्हतं. त्यांनी चांगल्या फांद्या निवडून गुटी बांधली. फांदीची साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ आणि शेणमाती लावून प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे फांदीलाच नवी मुळं फुटतात. मग ती कापून वेगळी लावता येते. "बाळ आधी काढू," त्या म्हणाल्या, "मग आईचं बघू." आई जगणार नव्हती. ते त्यांना माहीत होतं आणि त्या एका गोष्टीवर त्यांनी मला कधी बोलू दिलं नाही.

तो सगळा उन्हाळा त्यांचा जीव त्या गुट्यांत अडकला होता. बारवेसमोरच्या घरातल्या गयाबाई गुट्यांवर टांगलेल्या सलाइनच्या बाटल्यांत रोज पाणी भरायच्या. गयाबाई सिस्टरांपेक्षाही वयस्कर, कमरेत वाकलेल्या, मोजकंच बोलणाऱ्या. एकेक गुटी वाळत गेली. सिस्टर प्लास्टिक उजेडाकडं धरून बघायच्या आणि पुढच्या गुटीकडं वळायच्या.  आभाळ भरून यायला लागलं, गवंडी घाई करायला लागला, आणि मग एक दिवस शेवटच्या गुटीत पांढरी, धाग्याएवढी मुळं दिसली. सिस्टरांनी ती फांदी कापली आणि पोटाशी धरून वर आणली. चढताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही.

मग त्या पुन्हा खाली उतरल्या. जुन्या खोडाला पहिली करवत त्यांनी स्वतः लावली. चीक त्यांच्या हातावर ओघळला. "माफ कर माय," एवढंच म्हणाल्या, करवत गवंड्याकडे दिली आणि पायरीवर बसून रडल्या. आयुष्यभर त्यांनी जीव सोडवले होते. हा एक त्यांना मारावा लागला, आणि बारव वाचवायला मारला, अशी सबब त्यांनी एकदाही पुढं केली नाही. गवंड्यानं दगड काढले तेव्हा मागं मुळांची अशी पसरण निघाली की तोही थबकला. आख्खी भिंत त्या झाडानं आतून पंजात धरली होती. मूळ निघालं, दगड पुन्हा बसले, आणि पावसात भिंत उभी राहिली.

रोप लावायची वेळ आली तेव्हा गावानं देवळापुढची जागा सुचवली. सिस्टर सरळ बारवेच्या कडेला गेल्या आणि पायानं रेघ मारली. "हितं." सरपंच म्हणाले, हितं ट्रॅक्टर वळतो, अडचण हुईल. सिस्टर रेघेवरून हलल्या नाहीत. कारण सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान्य केलं असतं, पण त्यांना ती जागा दयेनं मागायची नव्हती.

तेव्हा मागून गयाबाई पुढं आल्या. "लावू द्या तितंच," त्या म्हणाल्या. मग सिस्टरांकडे वळल्या. "तुमचं तोंड मायवरच गेलंय. ती हितंच उभी ऱ्हायची. म्या नवी नवरी हुते. दारातनं बघायची. वतावं वाटायचं बगा, पर सासूचं भ्याव. न्हाय वतलं कवाच."

सरपंचांनी कुदळ मागवली, रेघेवर खड्डा खणला गेला. सिस्टरांनी खाली बसून रोप खड्ड्यात ठेवलं, माती दाबली, शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि गयाबाईंच्या हातात दिला.

"मग आता वता की मावशी."

गयाबाईंनी तांब्या घाईनं कलता केला आणि निम्मं पाणी त्यांच्याच पायावर गेलं. सिस्टर म्हणाल्या, "सावकाश. त्याला काय घाई न्हाय."

पुढच्या हिवाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. वाशीला त्यांच्या घरापुढं त्यांच्या नावानं पाणी सोडायचा जलदान विधी होता. मांडव माणसांनी भरला होता. बहुतेक सगळी त्यांच्याच हातावर जन्मलेली, नाहीतर त्यांनी झापलेली. वंदना चालू असताना माझी नजर बाहेर गेली. जीपमधून गयाबाई उतरल्या होत्या. काखेत घागर, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. त्या मांडवाच्या कडेशी आल्या आणि थांबल्या. घागर खाली ठेवली नाही. वाकलेल्या कमरेनं, उन्हात, कुणीतरी बोलावेल म्हणून तशाच उभ्या राहिल्या.

मी उठणार तोच सिस्टरांची मुलगी उठून बाहेर गेली.

"आत या ना आजी."

"बारवेचं पाणी हाय," गयाबाई म्हणाल्या. "आमच्या हातचं. चालंल का?"

मुलीनं घागरीला दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि दोघी ती आत घेऊन आल्या.