ओले हात

जोह्याला माझा गणपतींचा कारखाना आहे. मागे एकदा शेजारी आग लागली, तेव्हा बंबाच्या पाण्याने माझ्या शाडूच्या कच्च्या मूर्तींचा चिखल झाला. वर "आग तर विझली ना?" असं बंबवाल्यांनी मलाच ऐकवलं. तो राग मी जपून ठेवला होता. म्हणून यंदा भिंतीलगतचा पेंढा पेटला आणि बंब आला, तेव्हा मी पाइप धरलेल्या जवानालाच आडवा गेलो.

"पाणी कमी मार! आत कच्ची माती हाय!"

"शेठ, आगीशी घासाघीस मी करतो. तुम्ही बाजूला व्हा."

भिंतीला पाठ लावून त्याने पाइपाचं तोंड फिरवलं आणि फवारा धुक्यासारखा बारीक केला. पेंढा विझला. आतली एकही मूर्ती भिजली नाही. माती मळणाऱ्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या.

"हे कुठं शिकलास?"

"भरतीला धावलो, दोर चढलो, मग कोर्स केला. पण फवारा बारीक करायला शिकलो ते कासू गावात एकाचं झोडलेलं भात भिजवल्यावर. त्याच्या शिव्या तुमच्यापेक्षा भारी होत्या!"

मी हसतच त्याला आत नेलं. मूर्तींसमोर नमस्काराला उचललेले हात त्याने झटकन पाठीमागे घेतले आणि नुसतं डोकं झुकवलं.

"हात ओले हायत, शेठ."

मी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याचे हात पुसू लागलो. भांडायला राखून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवेना.